पॉलिकार्पच्या पत्रातला जोड

एखाद्या प्राचीन पत्रात मागाहून भर पडली आहे, किंवा दोन पत्रं एकात मिसळली आहेत, हे कशावरून म्हणायचं? मजकूर वाचताना खटकतो, एवढ्यावरून नाही. स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याने दुसऱ्या शतकात फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पी शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र घ्या. स्मर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर.

या पत्राची जेवढी ग्रीक हस्तलिखितं हाती आली, ती सगळी नवव्या अध्यायात वाक्याच्या मध्येच तुटतात. आणि तिथूनच पौलाचा सोबती बर्णबा याच्या नावावरचं भलतंच पत्र सुरू होतं, तेही पाचव्या अध्यायाच्या मधून! कुठल्या तरी जुन्या प्रतीची पानं गळाली असणार. नकलकाराने समोर होतं तसं उतरवलं आणि पुढच्यांनी त्याचीच री ओढली. पॉलिकार्पचा उरलेला मजकूर मिळतो तो लॅटिन भाषांतरात. काही भाग चर्चचा इतिहासकार युसेबियस याने चौथ्या शतकात ग्रीकमध्ये उद्धृत केला म्हणूनही वाचला.

खरी गोम पुढेच आहे. अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याला देहदंडासाठी रोमला नेलं होतं; नवव्या अध्यायात पॉलिकार्प त्याला हुतात्म्यांमध्ये धरतो. तेराव्यात मात्र म्हणतो, इग्नाशियस आणि त्याच्यासोबत आहेत त्यांची पक्की खबर मिळाली तर कळवा. गेलेल्या माणसाची ख्यालीखुशाली कोण विचारतं? 1936 साली अभ्यासक पी. एन. हॅरिसन यांनी तोडगा मांडला : ही दोन पत्रं आहेत. तेरावा अध्याय इग्नाशियस रोमच्या वाटेवर असतानाचा, त्याच्या पत्रांच्या प्रतींसोबत धाडलेली चिठ्ठी; पहिले बारा अध्याय बऱ्याच वर्षांनंतरचे.

मांडणी देखणी आहे. पण ते खबर विचारणारं वाक्य फक्त लॅटिनमध्ये उरलंय. युसेबियसचा उतारा नेमका त्याच्या आधी थांबतो, काय नशीब पाहा! मूळ ग्रीकमध्ये नुसतं ‘त्याच्याबरोबरचे’ असेल आणि ‘आहेत’ हे भाषांतरकाराने पदरचं घातलं असेल, तर विसंगतीच उरत नाही. मृत्यूची बातमी आली, तपशील यायचाय, एवढाच अर्थ होतो.

बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांकडे वळलं की पेच वाढतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात 2:13 ला (अध्याय 2, वचन 13) तो आपला सहकारी तीत याची वाट पाहून मासेदोनियाला निघतो, आणि ते सूत्र थेट 7:5 ला हाती लागतं. नवव्या अध्यायापर्यंत वर्गणीसाठी गोड बोलणारा माणूस दहाव्यात एकदम कडाडतो. जर्मन अभ्यासक झेमलर यांनी अठराव्या शतकातच हे पत्र सुटं करून पाहिलं. पण इसवी सन 200च्या आसपासच्या पपायरस 46 या पौलाच्या पत्रांच्या जुन्या हस्तलिखितात या जागी कुठे तुटल्याची खूण नाही.

रोमकरांस पत्राच्या अखेरच्या स्तुतिवचनाचं (देवाच्या स्तुतीच्या समारोपाच्या ओळींचं) तसं नाही. ते काही प्रतींत चौदाव्या अध्यायाशेवटी येतं, काहींत सोळाव्याच्या, काहींत दोन्हीकडे. पपायरस 46 मध्ये पंधराव्याच्या शेवटी. जागा बदलत फिरणारा हा मजकूर मागाहून आला असं मी म्हणेन. करिंथकरांच्या दहा ते तेरा अध्यायांबद्दल मात्र ‘दाट शक्यता’ एवढंच.