पहिल्या सत्रात तुम्ही काय लिहाल

(माध्यमलेखनाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी बरेच जण कविता करतात, काहींना निबंधाची बक्षिसं मिळाली आहेत. ते लेखन जरूर चालू ठेवा. वर्गात मात्र आधी बातमी लिहायची आहे, आणि प्रत्येक वाक्यापुढे मी एकच प्रश्न विचारणार आहे: हे तुम्हाला कोणी सांगितलं?

सुरुवात प्रेसनोटपासून होईल. महापालिकेच्या प्रेसनोटचा पहिला परिच्छेद बहुतेक वेळा 'मा. आयुक्तांच्या मार्गदर्शनाखाली' असा असतो, दुसऱ्यात योजनेचं कौतुक असतं, आणि पार खाली एक वाक्य सापडतं: जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे गुरुवारी अमुक भागात पाणी येणार नाही. बातमी तिथे आहे. बुधवारी रात्री ज्या घरात पिंप भरून ठेवावं लागणार, त्या घरासाठी आपण लिहितो. म्हणून इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, पाणी कुठे, कधी आणि किती वेळ बंद, ते यायला हवं. कारण त्याखाली. आयुक्त शेवटी, जागा उरली तर. याला उलटा पिरॅमिड म्हणतात. ऐनवेळी पानावर जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालून कापतो, तेव्हा वरचं शाबूत राहिलं पाहिजे. ऐकायला हे सोपं आहे. तरी पहिल्या खेपेला बहुतेकांची कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, आयुक्तांपासूनच सुरू होते, कारण छापील कागदाचा क्रम मोडायला धीर लागतो. तो धीर येईपर्यंत आपण हाच सराव करत राहू.

मग फोन. टँकरची सोय काय, हे प्रेसनोटमध्ये नसेल तर पाणीपुरवठा विभागाला विचारायचं. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहून घ्यायचा, आकडा त्याला परत वाचून दाखवायचा. आडनावातली वेलांटी चुकली तरी गुण जातील. ज्या माणसाचं नाव चुकलं, तो उरलेल्या बातमीवर कसा विश्वास ठेवेल?

तीच बातमी रेडिओसाठीही लिहाल. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही, म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट. मोबाइलसाठीचा मथळा तुम्हाला लवकर जमेल.

कायद्याचे तास कमी आहेत, पण तिथे मी कडक आहे. बलात्कारपीडितेची ओळख छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांसाठी २०१२ च्या पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाच्या, कायद्याचं कलम २३ आहे. नाव गाळलं म्हणजे झालं, असं समजू नका. गाव, शाळेची इयत्ता, वडिलांचा व्यवसाय एवढं दिलं की आख्ख्या गावाला ती मुलगी कोण ते कळतं. अशी कॉपी कितीही चांगली लिहिलेली असली, तरी मी शून्य गुण देते.

सोमवारी येताना आपल्या वॉर्ड ऑफिसच्या फलकावरची एक सूचना उतरवून आणा, आणि ती लावणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारलेला एक प्रश्न, त्याच्या उत्तरासकट.