अटक व सुटका

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या कपाटात एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. जिल्ह्याच्या पानावरची चार ओळींची बातमी. मथळा असा : ‘हंडा मोर्चा, ३१ महिलांना अटक व सुटका’. त्या एकतीस जणींतली एक मी.

साल २०१६. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच उन्हाळा. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं, टँकर कधी यायचा, कधी नाही. एक दिवस आम्ही बायकांनी रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसकण मारली. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. तासाभरानं पोलिसांची गाडी आली, आम्हाला ठाण्यात नेलं. नाव, वय, पत्ता लिहून घेतला. हंडे कंपाउंडच्या भिंतीलगत रांगेनं ठेवायला लावले. संध्याकाळी साडेपाचला सोडलं, तेव्हा एक महिला कॉन्स्टेबल प्रत्येक हंड्यावर कोरलेलं नाव वाचत होती आणि जिचा हंडा तिच्या हातात देत होती. गुन्हा दाखल नाही, कोर्ट नाही, जामीन नाही. घरी आले, स्वयंपाकाला लागले. दोन-चार महिन्यांत विसरूनही गेले.

त्याआधी २०१२ मध्ये मी अमेरिकेला जाऊन आले होते, थोरलीच्या पहिल्या बाळंतपणाला. तो दहा वर्षांचा व्हिसा. २०२३ मध्ये धाकटीला दिवस गेले, तोवर त्याची मुदत संपलेली. म्हणजे नवा अर्ज. डीएस-१६० नावाचा तो फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि वीस मिनिटं काही केलं नाही तर पान आपोआप बंद होतं. सुरक्षेच्या प्रश्नांपर्यंत आले आणि तिथं लिहिलं होतं : तुम्हाला कधीही, कुठल्याही गुन्ह्याबद्दल अटक किंवा शिक्षा झाली आहे का, मग पुढे माफी मिळालेली असली तरीही? खाली दोन गोल. होय, नाही.

माझा हात थांबला. पान बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा त्याच प्रश्नाशी थांबले.

आमच्या गावात फॉर्म भरून देणारा एक मुलगा आहे, त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, “काकू, ‘नाही’वर टिक करा. त्यांना कोण सांगायला जातंय?” जावई फोनवर म्हणाले, “आई, तुम्ही घाबरू नका, पण वकिलाला विचारल्याशिवाय काही भरू नका.” माझ्यासारखं घरात अडकून हाच प्रश्न डोक्यात घोळवणारं तुमच्यापैकी कुणीतरी असेल, म्हणून मला पुढे जे समजलं ते आज नीट सांगते.

आपल्याकडे ‘अटक’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. पोलिसांनी गाडीत बसवलं की अटक. कायद्यात तसं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ६८ प्रमाणे पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणं आपल्यावर बंधनकारक आहे. न पाळल्या तर कलम ६९ खाली माणसाला रोखता येतं, हलवता येतं, आणि प्रकरण क्षुल्लक असेल तर प्रसंग निवळल्यावर सोडून देता येतं. दुसरा प्रकार प्रतिबंधक अटकेचा, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच केलेल्या अटकेचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १५१ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७० आहे. त्यात चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, दुसऱ्या कुठल्या कलमाचा आधार असेल तरच. तिसरा प्रकार म्हणजे एफआयआर होऊन झालेली खरी अटक, जिचा पुढे तपास होतो आणि कधी कधी पुरावाच नसल्यानं दोषारोपपत्र जातच नाही. आपल्या पोलिसांच्या भाषेत मग ‘ब समरी’ किंवा ‘क समरी’ होते. ब म्हणजे फिर्यादच खोटी होती. क म्हणजे ती खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची.

माझं यातलं काय होतं ते मला माहीतच नव्हतं. म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, मोर्चाची तारीख लिहिली आणि त्या दिवसाच्या स्टेशन डायरीतली, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या वहीतली, नोंद मागितली. कायद्यानं तीस दिवसांची मुदत आहे, त्याच्या आत मला पान मिळालं. झेरॉक्स फिकट होती, पण ओळ वाचता येत होती : ‘सदर महिलांना कलम ६८ प्रमाणे ताब्यात घेऊन कलम ६९ प्रमाणे समज देऊन सोडण्यात आले.’ खाली एकतीस नावं. श्रोतेहो, ‘समज देऊन सोडण्यात आले’ हे शब्द वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागदावर आपण गुन्हेगार नाही, एवढं स्वच्छ कुणीतरी लिहून ठेवलं होतं आणि सात वर्षं मी ते मागितलंच नव्हतं.

वकील म्हणाले, ही तांत्रिकदृष्ट्या अटक नाही, गुन्ह्याबद्दल तर नाहीच, ‘नाही’ लिहिलंत तरी ते खोटं म्हणता येणार नाही. त्यांचं बरोबर असेल. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘अटक’ छापलेलं आहे आणि त्या दुपारी मला घरी जायची मुभा नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी ‘होय’ लिहिलं. खालच्या चौकटीत चार वाक्यं लिहिली : कधी, कशासाठी, किती तास, पुढे काय झालं. नोंदीचा इंग्रजी अनुवाद नोटरी करून घेतला.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. अमेरिकेच्या कायद्यात नुसत्या अटकेमुळे व्हिसाचं दार बंद होत नाही. ठरावीक गुन्ह्यांत दोष सिद्ध झाला, किंवा तुम्ही स्वतः गुन्हा कबूल केलात, तर अडतं. पण महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचं ठरलं, तर बंदी आयुष्यभराची आणि ती उठवायला वेगळी माफी मागावी लागते. कॅनडाच्या अर्जात तर ‘कधी अटक झाली होती का’ असं सरळच विचारतात आणि खोट्या माहितीला पाच वर्षांची बंदी आहे. ब्रिटनच्या अर्जात भर शिक्षेवर आणि चालू खटल्यांवर असतो. युरोपातल्या शेंगेन व्हिसाच्या छापील अर्जात अटकेचा प्रश्नच नाही. म्हणून शेजारणीनं काय लिहिलं ते विचारू नका. आपल्या अर्जातला प्रश्न शब्द न् शब्द वाचा आणि तेवढ्याचंच उत्तर द्या.

आता पासपोर्टचं. लोकांना वाटतं, एकदा पोलिसांच्या वहीत नाव आलं की पासपोर्ट गेला. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात कलम ६ (२) (फ) आहे. कोर्टात फौजदारी प्रकरण चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण परराष्ट्र मंत्रालयानं १० ऑक्टोबर २०१९ च्या कार्यालयीन ज्ञापनात स्पष्ट केलंय की नुसता एफआयआर आणि तपास म्हणजे ‘प्रलंबित प्रकरण’ नव्हे, कोर्टानं दखल घेतलेली असली पाहिजे. आणि प्रकरण कोर्टात असलं तरी त्याच कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो, २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना आहे तशी. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं मनेका गांधी खटल्यात १९७८ सालीच सांगून ठेवलंय. माझा पासपोर्ट २०२२ मध्ये नवा करायचा होता. पडताळणीला आलेले हवालदार चहा घेता घेता म्हणाले, “बाई, जुनी नोंद दिसतेय.” कोर्टात काही चालू आहे का, या प्रश्नाला मी ‘नाही’ लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. पासपोर्ट आला.

मुलं तिकडे शिकायला असतील तर त्यांनाही हे सांगा. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, ते तिथं विद्यार्थी म्हणून राहत असल्याच्या, सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या. त्यातल्या कित्येकांची प्रकरणं वाहतुकीच्या दंडाइतकी किरकोळ होती, काहींची तर केव्हाच मिटलेली. मुलं कोर्टात गेली आणि महिना संपता संपता सरकारनं नोंदी पूर्ववत करायला घेतल्या. ज्याच्याजवळ ‘प्रकरण मिटलं’ असा कोर्टाचा किंवा पोलिसांचा कागद असतो, त्याचा वकील पहिल्याच दिवशी तो पुढे ठेवू शकतो. पोरांना म्हणावं, बाबांनो, दंड भरून पावती फेकू नका.

माझी मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत झाली. फोन आत नेता येत नाही, म्हणून मुलगा बाहेर रस्त्यावर थांबला होता. माझ्या छातीत धडधडत होतं. खिडकीपलीकडच्या अधिकारीबाईंनी तो अनुवाद वाचला आणि दुभाष्यामार्फत विचारलं, “हे कशासाठी होतं?” मी म्हटलं, “पाण्यासाठी.” “कोर्टात जावं लागलं?” “नाही.” मग त्यांनी मुलीची तारीख कधीची ते विचारलं. बस, इतकंच. नातू झाला तेव्हा मी त्याच्या उशाशी होते.

परवा माझी त्या वेळची एक मैत्रीण घरी आली. तिचा मुलगा कॅनडात आहे, पदवीदान समारंभाला बोलावतोय. अर्ज उघडून बसली आणि घाबरून उठली. मी फोल्डर काढला. डायरीच्या पानावर तिचं नाव सतराव्या ओळीला आहे. झेरॉक्स काढून दिली.

उरलेल्या एकोणतीस जणींपैकी कुणी आत्ता ऐकत असेल, तर ते पान माझ्याकडे आहे. घर तेच आहे, टाकीच्या मागचं. या.

नमस्कार.