पहिल्या पिल्लाच्या वाट्याला येणारे विष

२०१६ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील टायरी बेटाच्या किनाऱ्यावर ऑर्का, म्हणजे डॉल्फिनच्या कुळातल्या काळ्या-पांढऱ्या 'किलर व्हेल' जातीची, एक मादी मृतावस्थेत सापडली. अभ्यासक तिला लुलू या नावाने ओळखत. मासेमारीच्या दोरखंडात गुरफटून तिचा जीव गेला होता, आणि तपासणी तेवढ्यावरच थांबली असती तर एक अपघाती मृत्यू एवढीच तिची नोंद राहिली असती. पण तिच्या कातडीखालची चरबी प्रयोगशाळेत गेली आणि त्या चरबीत दर किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी निघाले. सागरी सस्तन प्राण्यांना अपाय होऊ लागतो ती पातळी ९ मिलिग्रॅम मानतात. लुलूच्या अंगात त्या पातळीच्या शंभरपटीहून अधिक विष होते.

पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, ही कारखान्यात बनवलेली तेलासारखी रसायने. १९२९ पासून त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. ती सहजी पेट घेत नाहीत, वीज वाहू देत नाहीत आणि उष्णतेने बिघडत नाहीत, म्हणून ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, रंग, इमारतींच्या फटी बुजवण्याचे लांबी-लुकण अशा असंख्य ठिकाणी ती वापरली गेली. कारखानदाराला हवाहवासा वाटणारा हा टिकाऊपणाच समुद्राच्या मुळावर आला. अमेरिकेने १९७९ मध्ये उत्पादनावर बंदी घातली, युरोपातही पुढच्या दशकात ते थांबले. तोवर जगभर तयार झालेला माल मात्र दहा लाख टनांहून अधिक होता.

हे पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज मुरतात. प्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून, लहान माशांत, त्यांतून मोठ्या माशांत आणि सीलमध्ये असे ते चढत जातात आणि प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढते. ऑर्का या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहे. चरबी ही तिची थंडीतली गोधडी आणि उपासाच्या दिवसांतली शिदोरी. नेमके तिथेच विष साठते.

नराच्या शरीरातून ते बाहेर पडायला फारशी वाट नसते, त्यामुळे वयाबरोबर त्याचा साठा वाढतच जातो. मादीला एक वाट असते, आणि ती सांगताना मला दर वेळी जड जाते. पिल्लाला पाजताना तिची चरबी दुधात उतरते, चरबीबरोबर पीसीबीही उतरतात आणि आईच्या आयुष्यभराच्या साठ्याचा मोठा वाटा पहिल्या पिल्लाच्या पोटात जातो. नंतरच्या भावंडांना त्या मानाने कमी विष मिळते, कारण आईचे अंग पहिल्याने हलके केलेले असते.

लुलू किमान २० वर्षांची होती, तरी तिच्या अंडाशयात ती कधी व्यायल्याची खूण नव्हती. पीसीबी प्रजननक्षमता आणि रोगप्रतिकारशक्ती दोन्ही क्षीण करतात. पिल्लू नाही म्हणून विष उतरत नाही, आणि विष उतरत नाही म्हणून पिल्लाची शक्यता आणखी मावळते, असे हे दुष्टचक्र असावे. तिच्या कळपावर नियमित नजर ठेवली जाऊ लागल्यापासून त्यात एकही पिल्लू दिसलेले नाही. अलीकडच्या वर्षांत जॉन को आणि अ‍ॅक्वेरियस हे दोन नर तेवढे दिसत राहिले आहेत.

हे एका कळपापुरते नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या गणितानुसार, पुढील शंभर वर्षांत जगातील निम्म्याहून अधिक ऑर्का-समूहांवर पीसीबीमुळे ऱ्हासाचे सावट आहे. जपान, ब्राझील, जिब्राल्टर आणि ब्रिटनजवळचे समूह सर्वाधिक धोक्यात आहेत. नॉर्वे, आइसलँड आणि अंटार्क्टिकाजवळचे त्या मानाने सुरक्षित आहेत. बंदीला चाळीस वर्षे झाल्यानंतरचे हे चित्र आहे, म्हणून 'बंदी घातली, प्रश्न मिटला' असे मानणे मला मान्य नाही.

अशा टिकाऊ विषारी रसायनांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला आणि भारताने तो २००६ मध्ये स्वीकारला. पीसीबी असलेली उपकरणे २०२५ पर्यंत वापरातून काढावीत आणि त्यांच्या कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट २०२८ पर्यंत लावावी, असे त्यात ठरले आहे. जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात फोडताना त्यातले पीसीबी असलेले तेल जमिनीवर सांडले, तर मातीला चिकटून ते पावसाळ्यात नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. ते नष्ट करायचे तर खास भट्टीत १,१०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला जाळावे लागते. हा खर्च मोठा आहे, पण तेल अजून टाकीत आहे तोवरच तो करता येतो. समुद्रात गेलेले पीसीबी गाळून काढण्याची सोय कोणाकडेच नाही.