शेवटची ओळ झाकून ठेवा

मंडळी, ‘मग फोन का नाही केला?’ या आमच्या लेकीच्या प्रश्नाने सध्या माझा पिच्छा पुरवलाय.

झालं असं, की यंदा सुट्टीत मुंबईला गेलो तेव्हा दादरला मावशीच्या बैठकीत जाऊन बसलो. दहा-बारा माणसं, चहा, आणि वात्रटिका, चारोळ्या, हायकू असा आटोपशीर माल. वाचणारा शेवटच्या ओळीपाशी थांबतो. बाकीचे अंदाज बांधतात, बहुतेक चुकतात. मग खरी ओळ येते, कविता पुन्हा सबंध वाचली जाते आणि वाद सुरू होतो. ओळी चार, वाद अर्धा तास! मलाही चेव आला. वाचली आपली स्वतःचीच:

शेवटची लोकल चुकली माझी,
घरी पोचलो मध्यरात्री;
ही म्हणाली, ‘भात आत्ताच लावलाय,
मला होतीच तुमची खात्री.’

अर्धे म्हणाले, टोमणा. अर्धे म्हणाले, छे, माया. गरम भात मिळाला ना? एक आजोबा वृत्तावरून घसरले माझ्यावर. तेवढ्यात ही आमची दहा वर्षांची: ‘बाबा, मग फोन का नाही केला?’ कवितेला आलं नव्हतं एवढं हसू त्याला आलं.

तिचं काय चुकलं हो? तिची शेवटची कर्जत लोकल कधी चुकलेली नाही. पीसीओच्या सार्वजनिक फोनसमोर उभं राहून तिने खिशात रुपया चाचपलेला नाही.

आणि आपण, इथे परदेशातली मराठी मंडळी? विंदा, पाडगावकर, बापट गावोगाव कविता वाचत हिंडले, हे दर गणपतीत अभिमानाने सांगतो. मग कवितेला पाच मिनिटं देतो, तीही जेवणाची रांग लागल्यावर. पोरं तळघरात टॅब्लेटवर. फोनवर चारोळी आली की अंगठा दाखवून पुढे ढकलायची. शेवटची ओळ तर आधीच दिसते. तिथे ती झाकणार कोण? मीही हेच करतो, उगाच साळसूदपणा नको.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. पोरांना लोकल आणि मध्यरात्र समजावून सांगत बसलो, तर विनोद मरतो. नाही सांगितली, तर कविता त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांनी त्यांच्या वात्रटिका लिहाव्यात, असं म्हणायला जातो. पण कुठल्या भाषेत, हे विचारायचा धीर होत नाही.

पुढच्या महिन्यापासून चहानंतर आपणही असं वाचायचं ठरवलंय. एकेक छोटी कविता आणा, पोरांनाही आणा, आणि त्यांना वरच बसवा. माझी लोकलवाली तेवढी नको, अशी हिची सक्त ताकीद आहे.