चावी खुंटीला, गाडी दारात

हे पहिल्या दिवसाचं शूटिंग. सकाळचे पावणेसहा. फुलेवाडी, कोल्हापूर. ही पांढरी गाडी दारातच उभी आहे आणि ड्रायव्हर सीटवर बसल्यात त्या माझ्या वहिनी. बेल्ट लावलाय, चावी हातात, इंजिन बंद. गेली वीस मिनिटं असंच चाललंय, तुम्हाला वाटेल यात बघायचं काय, पण थोडं थांबा, कारण आज एवढंच करायचंय आणि गाडी चालवायच्या भीतीवरची हीच ट्रीटमेंट आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत शाळेचं गॅदरिंग आटपून वहिनी कळे गावाहून एकट्या घरी येत होत्या. उसाचा हंगाम, अंधार पडलेला, आणि बालिंग्याजवळ रस्त्यातच ट्रॅक्टर उभा, मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या, ना लाल लाईट ना रिफ्लेक्टर. त्यांनी ब्रेक मारला, स्टिअरिंग ओढलं आणि गाडी थेट उसात. कपाळाला चार टाके पडले, बाकी काही नाही. गाडी पंधरा दिवसांत गॅरेजमधनं आली, पण वहिनींनी चावी खुंटीला लावली ती लावलीच, शाळेला एसटीनं जायला लागल्या.

मग सगळे सांगायला लागले. काय होत नाही ओ, बसायचं आणि मारायची गाडी. कुणी म्हणालं परत क्लास लावा, तर तोही लावला, आणि गंमत म्हणजे क्लासच्या गाडीत वहिनी महाद्वार रोडच्या गर्दीतनंसुद्धा व्यवस्थित चालवायच्या, कारण शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. घरी आल्यावर आपल्या गाडीत बसलं की परत हात थरथर. म्हणजे चालवता येत नव्हतं असं नाहीच, प्रश्न भीतीचा होता, आणि त्यावर क्लच-गियर शिकवून उपयोग नाही हे आम्हाला फार उशिरा कळलं.

शेवटी एका मानसोपचार तज्ज्ञांकडं गेलो. मॅडमनी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला, चावी परत खुंटीला अडकवताना कसं वाटतं? वहिनी म्हणाल्या, हुश्श वाटतं. मॅडम म्हणाल्या, तो हुश्शच तुमची भीती जिवंत ठेवतोय. मला हे लई पटलं. दरवेळी टाळलं की सुटका वाटते, मेंदू हिशोब मांडतो की गेलो नाही म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती अजून घट्ट. गेलो असतो तरी घरी नीट आलो असतो हे त्याला कधी कळतच नाही, कारण तशी संधीच मिळत नाही.

ही समज काही आजची नाही. 1924 मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या पोराबद्दल लिहिलं. पोरगा आवडीचं खात बसलेला असताना सशाचा पिंजरा थोडा थोडा जवळ आणायचा, असं करत करत शेवटी पोरगं सशाशी खेळायला लागलं. पुढं दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी त्यावर पद्धत बांधली, 1958 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. अंग सैल सोडायला शिकायचं, भीतीची शिडी करायची आणि खालच्या पायरीपासून वर चढायचं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की अंग सैल सोडणं नसलं तरी चालतं, खरं काम होतं ते भीतीसमोर टिकून राहण्यानं. भीतीला 0 ते 100 आकडा द्यायची पद्धतही वोल्पेंचीच, आणि तोच आकडा आज वहिनींच्या वहीत आहे.

बसल्या तेव्हा 70 होता. वीस मिनिटांनी 50. पाऊण तासानं 30. कुणी समजूत काढली नाही, गोळी घेतली नाही, फक्त दार उघडून पळाल्या नाहीत.

वहिनींची शिडी बघा. बंद गाडीत बसणं, मग इंजिन चालू करून बसणं, मग गल्लीत एक फेरी, मग पहाटे रंकाळ्याभोवती, मग सायबर चौक, मग हायवेला तावडे हॉटेलपर्यंत, मग दिवसा बालिंगा. सगळ्यात वरची पायरी लिहिताना त्यांचं पेन थांबलं होतं. अंधारात, कळ्याहून घरी, एकटी.

दर फेरीआधी वहीत लिहायचं की आज काय होईल असं वाटतंय, आणि आल्यावर लिहायचं काय झालं. सायबर चौकाच्या दिवशी लिहिलंय, चक्कर येऊन पडणार. खाली लिहिलंय, हाताला घाम आला, एकदा गाडी बंद पडली, मागच्यानं हॉर्न मारला. चक्कर येऊन पडण्याची ही भीती खूप जणांना असते, पण माणूस साधारणपणे बेशुद्ध पडतो ते बीपी एकदम खाली गेल्यावर, आणि घाबरल्यावर बीपी उलट वर जातं. हाताला मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्यामुळं. मॅडमनी तर क्लिनिकमध्ये मुद्दाम एक मिनिट भराभर श्वास घ्यायला लावला, खुर्चीत गोल फिरवलं, म्हणजे धडधडणारी छाती ओळखीची होऊ दे.

आणि कुबड्या. रेडिओ बंद ठेवणं, वीसच्या वर न जाणं, दादाला फोन चालू ठेवायला लावणं, ह्या सगळ्या कुबड्याच, त्या एकेक करून सोडाव्या लागतात, नाहीतर मेंदू म्हणतो कुबडी होती म्हणून वाचलो. क्लासच्या गाडीतला दुसरा ब्रेक तोच. आणि मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन बसलेला मी पण तोच, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मला जरा लागलं, पण खरं होतं.

अपघातानंतर ज्यांना तोच प्रसंग रोज डोळ्यासमोर येतो, झोपेत दचकायला होतं, त्यांना आधी त्या आठवणीवर काम करावं लागतं. तो प्रसंग परत परत सांगायचा, लिहायचा, किंवा फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 पासून विकसित केलेली डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर पद्धत आहे. मोठ्या माणसांतल्या आघातानंतरच्या अशा त्रासासाठी या दोन्ही वाटा जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्ये सुचवल्यात. घबराटीच्या काही गोळ्यांनी मात्र गुंगी येते, त्या घेऊन गाडीवर बसू नका, डॉक्टरांना आधी विचारा. आणि कुठं जायचं कळत नसेल तर 14416 हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी टेलि-मानस फोन नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हे गेल्या महिन्यातलं शूटिंग. कळे, संध्याकाळचे साडेसहा, हंगाम परत सुरू झालाय. रस्त्यानं ट्रॉल्या एकामागं एक चालल्यात, वहिनी येताना एकीच्या मागं तीन किलोमीटर शांतपणे राहिल्या, आकडा 45 सांगितला. शाळेपाशी चहा झाला. मी मागचं दार उघडून बसायला लागलो तर म्हणाल्या, भावजी, तुम्ही एसटीनं या. आज मी एकटी जातो.

म्हणून या शॉटमध्ये गाडीच्या आतलं काही दिसणार नाही. कॅमेरा माझ्याबरोबर कळ्याच्या स्टॉपवर आहे. वहिनींनी इंडिकेटर दिला, एक ट्रॅक्टर जाऊ दिला, आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या दोन लाल लाईट वळणापर्यंत दिसत राहिल्या.