खाडा न करता शिकायचं

(दृश्य: लोअर परळहून वरळीकडे जाणारा रस्ता. काचेच्या इमारतींच्या मधे गिरणीची एक चिमणी.)

मार्च 1967. वरळीला एक विद्यापीठ सुरू झालं. तिथे पदवी मिळत नव्हती, आणि आत जायला मॅट्रिकचा दाखलाही कुणी मागत नव्हतं. नाव होतं श्रमिक विद्यापीठ. देशातलं पहिलं. चालवायला घेतलं होतं मुंबई शहर समाजशिक्षण समितीने, आणि विद्यार्थी कोण, तर आजूबाजूच्या गिरण्या-कारखान्यांतले कामगार आणि त्यांच्या घरचे.

गिरणगाव तेव्हा तीन पाळ्यांत जगत होतं. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी खोलीवर येऊन आडवा व्हायचा, तेव्हा त्याच वळकटीवर रात्री झोपलेला गाववाला गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रावर, उभा असायचा. बदली कामगाराचं तर आणखी कठीण. आज काम आहे की नाही, हे गिरणीच्या दारात गेल्यावरच कळणार. अशा माणसाला ‘रोज संध्याकाळी सहाला वर्गाला ये’ म्हणणं म्हणजे येऊ नको म्हणण्यासारखंच.

मोठ्यांना शिकवायची हौस महाराष्ट्राला नवी नव्हती. पुण्यात 1855 मध्ये फुले दांपत्याने शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. 1959 मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. पण या सगळ्याचा भर अक्षरओळखीवर होता. वरळीत सुरुवातच दुसऱ्या टोकाने झाली. आधी कामगार काय काम करतो, त्यात त्याचं कुठे अडतं आणि त्याला वेळ कधी मिळतो, ते बघायचं. अभ्यासक्रम त्यानंतर. वाचणं-लिहिणं, हातातलं कसब, आरोग्य, कायदा, घरखर्च हे वेगवेगळे विषय न करता एकत्रच शिकवायचे. युनेस्कोच्या वर्तुळात त्या काळी या कल्पनेची चर्चा होती. मुंबईत तिला कामगारवस्तीचा पत्ता मिळाला. प्रयोग बरा चाललाय असं दिसल्यावर इतर शहरांतही श्रमिक विद्यापीठं उघडली गेली.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मोर्चा, गिरणीचं बंद फाटक.)

मग आला 18 जानेवारी 1982. संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. डॉ. दत्ता सामंतांचा हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि गिरण्याही. चाळिशीतला, एकच काम येणारा, बायको-मुलं पदरात असलेला माणूस रस्त्यावर आला. प्रौढांच्या कौशल्याचा प्रश्न याहून नेमका कुठे मांडला गेला असेल?

सरकारने काय केलं? 1986 मध्ये कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी आला. कायमच्या बंद पडलेल्या गिरणीतल्या पात्र कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. म्हणजे तीन वर्षांत दुसरं काहीतरी धरा, असा हिशेब. काय धरायचं आणि ते शिकवणार कोण, याचं उत्तर त्या टक्क्यांत नव्हतं. 1992 मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. त्याच्या उद्देशांत कामगारांचं पुनर्प्रशिक्षण ठळकपणे होतं. प्रत्यक्षात बहुतेक पैसा गेला सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर. नोकरी सोडायला पैसे मिळाले, नवी धरायला लागणारं शिक्षण मागे राहिलं. गिरणीतली माणसं कुणी वॉचमन झाली, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी कोकणातलं नाहीतर घाटावरचं गाव गाठलं. घर पुष्कळदा बाईच्या डब्यांवर आणि शिलाईवर चाललं.

(दृश्य: एका वस्तीतली खोली. सहा शिलाई मशीन, भिंतीवर कागदी कटिंग लटकवलेली.)

श्रमिक विद्यापीठांचं नाव 2000 मध्ये बदललं. आता ती जनशिक्षण संस्थानं आहेत आणि शहराबाहेरही पोचलीत. 2018 मध्ये ती शिक्षणखात्याकडून कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेली. देशभरात अशी सुमारे 290 संस्थानं आहेत. स्वयंसेवी संस्था ती चालवतात, अनुदान केंद्राचं. निरक्षर, नवसाक्षर, शाळा मधेच सुटलेले, यांच्यासाठी. शिकणाऱ्या दर दहांत आठ बायका.

हा वर्ग दुपारी दोनचा. का, ते बायकांना विचारायला नको. जेवणं उरकलेली असतात, मुलं शाळेतून यायची असतात आणि पाणी यायला अवकाश असतो. आजचा धडा कटोरी ब्लाऊजचा. शिकवणाऱ्या ताई खडूने मुंढ्याची गोलाई काढतात. ‘इथे अर्धा इंच जास्त ठेवा, बाई. उसवून मोठा करता येतो, कापलेला परत जोडता येत नाही.’ मागच्या मशीनवरची एक जण गेली दोन वर्षं साड्यांना फॉल-पिको करते. ब्लाऊज आला की गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवावं लागतं, ते तिला आता पाठवायचं नाहीये. मापं तिला वहीत लिहिता येतात, पण कापड किती लागेल याची बेरीज करताना बोटं मोजते. ताई तिथेच थांबून पाऊण आणि सव्वा समजावतात. वेगळा गणिताचा तास नाही. वरळीतली मूळ कल्पना अजून शाबूत आहे ती अशी.

आता पैशांकडे बघू, कारण सरकारची प्राथमिकता भाषणापेक्षा तरतुदीत लवकर सापडते. 7 फेब्रुवारी 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘स्किल इंडिया’ कार्यक्रमाला 2022-23 ते 2025-26 या काळासाठी 8,800 कोटी रुपये मंजूर केले. त्यातले 6,000 कोटी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेला, 1,942 कोटी शिकाऊ उमेदवारीला. जनशिक्षण संस्थानांच्या वाट्याला 858 कोटी. दहा टक्केही नाहीत.

शिकाऊ उमेदवारीचं मी समजू शकतो. कारखान्यात प्रत्यक्ष यंत्रावर हात बसतो, आणि विद्यावेतनातले महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत केंद्र भरतं. पण तिथे वयाची मर्यादा 35. मोठ्या योजनेचं दुखणं वेगळं आहे. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या कॅगने 2015 ते 2022 या काळातल्या कौशल्य विकास योजनेची तपासणी केली आणि डिसेंबर 2025 मध्ये अहवाल संसदेसमोर आला. तपासलेल्या सुमारे 96 लाख नोंदींत 94 टक्क्यांहून अधिक ठिकाणी बँक खात्याचा रकाना रिकामा तरी होता किंवा त्यात नुसती शून्यं. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणांत प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी काम लागल्याची नोंद होती ती साधारण 41 टक्क्यांची. ज्याच्या खात्यात पैसे जायचे त्याचं खातंच नाही, तर तो माणूस तरी वर्गात बसला होता का, अशी शंका येणारच. किती प्रमाणपत्रं वाटली, हेच यशाचं माप ठरवलं की प्रमाणपत्रं छापली जातात.

(दृश्य: पहाटेचा नाका. रोलर, थापी, डबे घेऊन उभे असलेले मजूर.)

या योजनेचा एक भाग मात्र खास वयस्क कामगारांसाठी आहे. पूर्वीपासून अंगात असलेलं कसब तपासायचं आणि त्याला प्रमाणपत्र द्यायचं. गवंडी, रंगारी, प्लंबर, सुतार. कुणी शिकवलेलं नाही, पण 20 वर्षं हात चालतोय. कल्पना उत्तमच. देशातल्या 15 ते 29 वयाच्या तरुणांतही औपचारिक प्रशिक्षण घेतलेले फक्त 4.4 टक्के, आणि बघून-करून शिकलेले 16.6 टक्के, हे 2022-23 च्या श्रमशक्ती सर्वेक्षणातले आकडे. म्हणजे खरी शाळा उस्तादाच्या हाताखालीच भरते.

पण नाक्यावर उभं राहून बघा. मुकादम येतो, विचारतो, ‘प्लास्टर येतं? किती घेणार?’ प्रमाणपत्र कोण मागतं? ते मिळवायला मात्र उजळणीला आणि परीक्षेला बसायला हवं. प्रमाणपत्रासोबत पूर्वी 500 रुपये मिळायचे. गवंड्याचा एका दिवसाचा खाडा त्याहून महाग पडतो. जिथे मालकाने कामाच्या जागेवरच, कामाच्या वेळेत ही तपासणी करून घेतली, तिथे माणसं खुशीने बसतात. बाकीच्यांना आजची मजुरी महत्त्वाची, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

राज्यानेही गेल्या काही वर्षांत खूप काही उघडलं. ऑक्टोबर 2023 मध्ये 511 ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं एका दिवसात उद्घाटन झालं. कौशल्य विद्यापीठ आलं. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, जिला लोकांनी ‘लाडका भाऊ’ करून टाकलं. (बहिणीनंतर भाऊ यायचाच होता.) बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. मुदत आधी सहा महिने, नंतर अकरा. बऱ्याच जणांना सरकारी कार्यालयांतच बसवलं गेलं. मुदत संपल्यावर तीच मुलं ‘आम्हाला कायम करा’ म्हणत आंदोलनाला बसली. प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, हे आधी ठरलेलं नसलं की प्रशिक्षणालाच नोकरी समजलं जाणार. आणि याही योजनेची वयोमर्यादा 35. चाळिशीतल्या माणसाला आपण उपजत शिकलेला तरी धरतो, नाहीतर शिकण्यापलीकडे गेलेला.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून वयाचा बाऊ न करता शिकवतंय, पूर्वतयारीच्या वाटेने दहावी न झालेल्यांनाही आत घेतलंय. ते पुस्तकी शिक्षणाचं. हाताच्या कामाला असा सैल दरवाजा हवा असेल, तर तो नव्याने शोधायला नको, वरळीत तो 1967 मध्येच उघडला होता. आज हवं ते असं: वर्ग पाळीप्रमाणे. दुपारी बायकांचा, रविवारी नाक्यावरच्या मजुरांचा. आणि ज्या दिवशी शिकायला बसायचं, त्या दिवसाची मजुरी प्रशिक्षणाचाच खर्च म्हणून धरलेली.

(दृश्य: वर्ग सुटतो. बायका मशीनवर कव्हरं घालतात.)

‘स्किल इंडिया’ला मंजूर झालेला हा कालावधी मार्च 2026 पर्यंतचा. पुढच्या पाच वर्षांचे आकडे जाहीर होतील तेव्हा मोठ्या योजनेची रक्कम मथळ्यात येईलच. खाली कुठेतरी, तिसऱ्या ओळीत, जनशिक्षण संस्थानांची रक्कम असेल. आधी ती बघा, आणि सोबत वयाची अट कुठे संपते तेही.