आधी पंचांग, मग कॅमेरा

(डोंगरातल्या छायाचित्रण सहलींविषयी साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'वन्यजीव आणि रात्रीचं आकाश: मार्गदर्शकासोबतची सहल कशी निवडावी'. वन्यजीवांकडे मी येणार आहे, काळजी नको. पण त्याआधी सहलीच्या पिशवीत पहिली कोणती वस्तू टाकायची, ते सांगू द्या. लेन्स नाही, ट्रायपॉडही नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं पंचांगाचं कॅलेंडर.

हसताय, पण संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे तुमच्या घरात कोणाला तरी मिनिटासकट पाठ असतं, कारण त्यावर जेवण अवलंबून असतं. कृष्ण चतुर्थीला चंद्र साधारण नऊ-दहाच्या दरम्यान उगवतो. तिथून रोज सरासरी 50 मिनिटं उशीर. अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास, द्वादशीला पहाटे साडेतीन-चारला. शुक्ल पक्षात मावळतीचा हिशेब: तृतीयेला साडेआठ-नऊ, पंचमीला दहा-साडेदहा, अष्टमीला मध्यरात्र. एवढं पाठ असलं की कुठल्याही सहलीची जाहिरात तपासता येते.

आणि जाहिराती कशा असतात? 'पौर्णिमा विशेष! चांदण्या रात्री पठारावर आकाशगंगेचं छायाचित्रण, शेकोटी आणि चुलीवरचं जेवण.' आपल्या भाषेनं इथं सगळा घोळ आधीच निस्तरून ठेवलाय हो! चांदणं वेगळं आणि चांदण्या वेगळ्या. चांदणं पडलं की चांदण्या विझतात. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि सूर्योदयाला मावळतो, म्हणजे रात्रभर आकाशात दिवा. त्या रात्री आकाशगंगा दाखवतो म्हणणारा भर दुपारी काजवे दाखवतो म्हणाला तरी पैसे द्या, फरक तेवढाच. शेकोटीचंही तसंच. अंधाराला डोळे सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या टॉर्चनं ती कमाई क्षणात जाते. म्हणून लाल दिव्याची हेडटॉर्च, तीही जमिनीकडे वळवलेली. दहा जणांच्या गटात एकानं मोबाइल उघडून 'फोटो कसा आला' पाहिलं, की नऊ जणांची रात्र पुन्हा पहिल्यापासून.

बरं, पौर्णिमा का निवडतात? कारण अमावास्येला घराबाहेर पडायचं नाही, असं आजीनं सांगितलेलं असतं. आजी अंधाराला घाबरत होती आणि आपण त्याच अंधाराचे पैसे भरतोय, तेव्हा इथं आजीचं ऐकू नका. 'पण अमावास्या बुधवारी आली, रजा नाही.' यालाही उत्तर आहे. कुठल्याही अमावास्येच्या मागेपुढे तीन दिवसांत शनिवार येतोच. कधी आधीचा जवळ पडतो, कधी नंतरचा, आणि तुम्हाला कोणता हवा ते मोसमावर ठरतं.

आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग वृश्चिकाची नांगी आणि धनु यांच्यामध्ये येतो. मूळ नक्षत्र ओळखता आलं की पुरे. आपल्या अक्षांशावरून हा भाग दक्षिणेला जास्तीत जास्त 43 अंशांपर्यंत चढतो. पाडव्याच्या आदली रात्र, म्हणजे फाल्गुन अमावास्या, तेव्हा तो मध्यरात्र ते एकच्या दरम्यान आग्नेयेला उगवतो आणि फोटोजोगा वर यायला आणखी तासदीड तास घेतो. चैत्र अमावास्येला दहा-अकरापर्यंत उगवलेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात काम पहाटेकडे, म्हणून अमावास्येनंतरचा शनिवार घ्या. चंद्र संध्याकाळीच मावळलेला असतो. ऑक्टोबरअखेरीस उलट: अंधार पडताच आकाशगंगेचा हा भाग नैऋत्येला कलायला लागलेला असतो आणि नऊ-साडेनऊला मावळतो. तेव्हा अमावास्येच्या आधीचा शनिवार बरा, कारण चंद्र पहाटे उगवणार. ऑक्टोबरात येणारी लक्ष्मीपूजनाची रात्र तर उत्तम, फक्त त्या रात्री डोंगरात जातो म्हणून घरात सांगून बघा.

जागा. चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहिलात की साताऱ्याचा उजेड ईशान्येला, पाठीशी. पण कराडचा उजेड आग्नेयेला, म्हणजे चैत्रात आकाशगंगा उगवते नेमकी तिथंच. ऑक्टोबरात ती मावळते कोयनेच्या अंगाला, तिकडे काळोख. म्हणून त्याच पठारावर ऑक्टोबरचा फोटो चैत्रातल्यापेक्षा स्वच्छ येतो. चैत्रात वणव्यांचा धूर आणि धूळही असते. वळवाची एखादी सर पडून गेली की दुसऱ्या रात्री आकाश धुतल्यासारखं. ती रात्र सोडू नका. कासच्या सड्यावर मात्र रात्री ट्रायपॉड घेऊन शिरायचं नाही. जांभ्यावर मातीचा थर काही इंचांचा, त्यात सीतेची आसवं आणि बाकीची फुलं. अंधारात पाय कुठे पडतो ते कळत नाही. रस्त्यावरून काय मिळेल ते घ्या.

आता कॅमेरा. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. जुना नियम: 500 भागिले लेन्सचं नाभीय अंतर (मिमीमध्ये), उत्तर सेकंदांत. 14 मिमीला 35 सेकंद. आजच्या सेन्सरना हे फार ढिलं पडतं. 20 सेकंदांवर थांबा, आणि सेन्सर लहान असेल तर 13-14 सेकंदांवर. छिद्र (अ‍ॅपर्चर) f/2.8, आयएसओ म्हणजे संवेदनशीलता 3200, फाइल रॉ म्हणजे कच्ची, रंगतापमान 4000 केल्विनच्या आसपास. फोकस ही खरी गोम आहे. लेन्सवरच्या 'अनंत' खुणेवर विश्वास ठेवू नका. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र, दहा पट मोठं करा, ज्येष्ठेसारखा ठळक तारा धरा, तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत कडं फिरवा आणि कड्यावर चिकटपट्टी लावा. पहाटे गारवा वाढला की फोकस सरकतो, म्हणून दर तासाला पुन्हा बघा. ट्रायपॉडवर असताना लेन्सची कंपनरोधक सोय बंद, मधला दांडा खाली, दोन सेकंदांचा टायमर. पठारावर वारा असतो. ट्रायपॉडला पिशवी टांगली आणि ती लोंबकळली, तर तीच फोटो हलवते. पिशवी जमिनीला टेकलेली हवी.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं म्हणे. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू करतो.

वन्यजीव. जुलैतल्या सहलीच्या जाहिरातीत बेडूक, साप आणि आकाशगंगा तिन्ही असतील, तर एक तरी खोटं आहे. पावसाळा बेडकांचा, ढगांच्या वर काय चाललंय त्याच्याशी तुमचा संबंध नाही. बेडकाला हात लावायचा नाही. त्याची त्वचा सगळं शोषते आणि तुमच्या हाताला डास पळवायचं मलम असतं. फ्लॅशवर उजेड मऊ करणारा डिफ्यूझर, ताकद 1/16 किंवा त्याहून कमी, मोजकेच फोटो. चापडा हा विषारी साप एका फांदीवर दिवसेंदिवस दबा धरून बसतो. मार्गदर्शकानं काठीनं त्याला 'चांगल्या उजेडात' आणलं, तर तिथून निघा. त्याची शिकारीची जागा गेली आणि तुमचा फोटो खोटा.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 सालचा, कोयना आणि चांदोली मिळून. रात्रीचा कार्यक्रम त्याच्या हद्दीबाहेरच ठरवलेला असावा. 'आत ओळख आहे' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. रस्त्यात गवा आला तर गाडी थांबवा, दिवे खाली, खिडकीतून फ्लॅश नाही, उतरायचं तर नाहीच. शेकरू सकाळी शेंड्यावर असतं, मागे पांढरं आकाश, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा, नाहीतर काळी आकृती येईल.

मघाच्या पौर्णिमेवर थोडा अन्याय झाला, तोही दुरुस्त करतो. रातवा हा निशाचर पक्षी चांदण्यात जास्त उडतो, चंद्राच्या उजेडात त्याला कीटक दिसतात. उलट, उंदरांसारखे लहान प्राणी उघड्यावर यायला कचरतात. तेव्हा पौर्णिमेची सहल रातव्यासाठी विकत असतील तर खुशाल जा.

मार्गदर्शकाला विचारायचे प्रश्न तीनच: तिथी कोणती, गटात किती जण, ढग आले तर काय करणार? पहिल्याला तो तारीख सांगू लागला, तर पुढचे विचारू नका. सहा-सात जणांवर एक माणूस असावा. आणि ढगांच्या रात्रीसाठी त्याच्याकडे दुसरा कार्यक्रम हवा, नुसती शेकोटी नको.

शेवटचं, दवाचं. पहाटे लेन्सवर धुकं बसतं आणि पुढचे शंभर फोटो दुधाळ येतात. लेन्सला गुंडाळायचा गरम पट्टा मिळतो, पॉवर बँकवर चालतो. काच ओली व्हायच्या आधी लावायचा, नंतर नाही. एसी गाडीतून उतरलात तर कॅमेरा अर्धा तास पिशवीतच बंद ठेवा. बाकीचे प्रश्न बाहेर चहा घेताना.